उतारा

मराठीतल्या काही शब्दांचे एका अर्थावर समाधान होत नाही. ‘उतारा’ हा त्यांतलाच एक. प्रश्नपत्रिकेत तो ‘खालील उतारा वाचून उत्तरे लिहा’ म्हणून पोरांना घाम फोडतो. तलाठ्याच्या कचेरीत सात-बाराचा होऊन शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावतो. विषावर तो औषध असतो. आणि अमावास्येच्या रात्री लिंबू, भात नि गुलाल यांच्या रूपाने चव्हाट्यावर बसला की भलेभले पदवीधरही त्याला चार पावले लांबून वळसा घालतात. आणखी एक अर्थ आहे, तो कोशापेक्षा गुत्त्यात अधिक चांगला कळतो. रात्रीची उतरल्यावर सकाळी जी घ्यायची, ती ‘उतारा’.

मास्तराला शब्दावरून माणसाकडे जायची खोड असते, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गंगाखेडच्या बाजूचा एक शेतमजूर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. हाताला कामसू, तोंडाला गोड, आणि दारूच्या पूर्ण कह्यात गेलेला. परवाच्या आषाढी एकादशीला त्याने गळ्यात माळ घातली. बायकोने घरात पुरणपोळी केली. आणि गुरुपौर्णिमा उजाडायच्या आत ती माळ खुंटीला अडकली. चार दिवस! गावाने लगेच निकाल दिला : याने प्रत्यक्ष पांडुरंगाशी बेइमानी केली. याला मनच नाही, तर निश्चय कुठून असणार?

मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, मजा कुठली आलीय? काळीज नुसतं धडधडायलंय. दाराला कुत्रं घासलं तरी दचकायलोय. एक घोट पोटात गेला की माणसात येतो बघा.”

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकरही दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे जातो. १९१९ साली ते नाटक रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण सिंधूसाठी रडतो आहोत आणि तळीरामाला हसतो आहोत. पण सोडलेली दारू पुन्हा का धरली जाते, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुतेक वेळा मोह, संगत किंवा अपमान एवढ्यातच शोधतो. माझ्या या ओळखीच्या माणसाने चौथे उत्तर दिले : भीती. आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जो प्राणी उभा राहिला, तो नागपूरच्या प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर.

नागपूरचे डॉ. दादासाहेब कोकरे, डॉ. चोपडे आणि डॉ. निशिकांत सुभेदार यांनी २००६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता दारू, दारू तुटल्यावरची भीती, आणि मेंदूतला एक चिमुकला पदार्थ. पण तिथे जाण्याआधी उंदीर भ्याला आहे हे कळते कसे, ते पाहिले पाहिजे. अधिक-चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंच असा एक मार्ग करतात. समोरासमोरच्या दोन फाट्यांना भिंती असतात. दुसरे दोन उघडे. मधल्या चौकात उंदीर ठेवायचा आणि ५ मिनिटे पाहायचे. उंदराला नवी जागा हुंगायची हौस असते आणि उघड्यावर जायची धास्तीही असते. भ्यालेला उंदीर भिंतीच्या आडोशाला राहतो, धीट झालेला उघड्या फाट्यावर फिरून येतो. किती वेळा गेला, किती सेकंद राहिला, एवढेच मोजायचे. १९८५ पासून ही कसोटी जगभर रूढ झाली आहे.

साहित्याचा विद्यार्थी यावर हसेल, पण त्याने हसू नये. भय कुणी पाहिले आहे? आपले रसशास्त्र तरी दुसरे काय सांगते? स्थायी भाव आत असतो. आपल्याला दिसतो तो अनुभाव. आठ सात्त्विक भावांत स्वेद आहे, वेपथु आहे, स्वरभंग आहे. म्हणजे घाम, थरकाप आणि फुटलेला आवाज. भरताचा प्रेक्षक नटाच्या अंगावरून भय ओळखतो, नागपूरचा संशोधक उंदराच्या पावलांवरून. फरक इतकाच की उंदीर अभिनय करीत नाही.

आता तो चिमुकला पदार्थ. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांच्याच आखूड माळा मेंदूतल्या पेशी तयार करतात आणि एकमेकींकडे निरोप म्हणून धाडतात. या माळांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. घेणाऱ्या पेशीच्या अंगावर त्या त्या माळेसाठी एक ग्राही असतो; माळ त्यात बसली की पेशीचे काम बदलते. नागपूरच्या निबंधातल्या माळेचे नाव अल्फा-एमएसएच. तिच्यात मणी फक्त १३. गंमत अशी की हिची पहिली ओळख बेडकाच्या कातडीवरून झाली. ती कातडी काळवंडवते. तीच मेंदूतल्या भुकेच्या ठाण्यावर पोचली की भूक मंदावते, आणि भीतीच्या ठाण्यावर पोचली की जीव आडोसा शोधू लागतो. २०१३ साली आपल्याकडची तारसेवा बंद झाली. ज्यांनी तार पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. कागद सारखाच, एका घरात पेढे वाटले जात, दुसऱ्या घरात हंबरडा फुटे. निरोपाचा परिणाम घेणाऱ्या घरावर ठरे. येथे ते घर म्हणजे ग्राही.

उंदरांच्या मेंदूत अल्फा-एमएसएच सोडले की ते उघड्या फाट्यांकडे फिरकेनासे होत. दारू दिली की धीट होत. काही दिवस नेमाने दारू पाजून ती एकदम बंद केली (उंदरांनी ती मागितली नव्हती, हेही येथे नमूद करू) की ते भिंतीला चिकटत. आणि ज्यांच्या मेंदूत या माळेचा ‘एमसी-४’ नावाचा ग्राही एचएस-०१४ या पदार्थाने बुजवून टाकला होता, त्यांची ही दारूतुटीची भीती ओसरली. निरोप येत होताच. घराचे दार लावून घेतले होते.

दोन वर्षांनी, २००८ साली, डॉ. सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका पेप्टाइडाचा माग काढला. त्याचे नाव ‘कार्ट’. मराठी आईबापांना हे नाव फार शोभेसे वाटेल, कारण वागणूकही तशीच आहे. मेंदूत अमिग्डला नावाची एक जागा आहे. ग्रीक भाषेत अमिग्डला म्हणजे बदाम. आकारावरून नाव पडले. भीतीचा बराच कारभार येथून चालतो. दारू तोडलेल्या उंदरांच्या या बदामात कार्ट वाढलेले आढळले. त्याला बांधून टाकणारे प्रतिपिंड तिथे सोडले, तर उंदरांची बेचैनी उतरली.

म्हणजे मेंदू नुसती भीतीच तयार करतो असेही नाही. १९८२ साली स्टॉकहोममध्ये तातेमोतो यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे काढलेले न्यूरोपेप्टाइड-वाय हे ३६ मण्यांचे पेप्टाइड धीर देणारे आहे. ज्या उंदरांत ते जन्मतःच नव्हते ते जास्त दारू प्याले, ज्यांच्यात ते भरपूर होते ते कमी, असे १९९८ साली दिसून आले. वाचणाऱ्याला वाटेल, सापडला देव! पण मेंदूत खलनायक-नायक अशी पात्रयोजना नसते. नागपूरच्याच २०१३ सालच्या प्रयोगांत दिसले की मेंदूच्या सुखाच्या ठाण्यावर मॉर्फिनची गोडी लागण्यात याच धीर देणाऱ्या माळेचा, तिच्या ‘वाय-१’ ग्राहीमार्फत, हात असतो.

आणि उंदरावरून माणसावर उडी मारताना दमानेच घेतले पाहिजे. सीआरएफ नावाचे ४१ मण्यांचे एक पेप्टाइड आहे. ताणतणावाचा जणू नगारा. त्याचा ग्राही बुजवला की दारूची सवय लागलेले उंदीर शांत होत, कमी पीत. मोठी आशा निर्माण झाली. अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्या, स्वभावाने चिंताग्रस्त माणसांना अशी औषधे देऊन पाहिली. २०१५ आणि २०१६ साली निकाल छापून आले, आणि माणसांची तलफ काही कमी झाली नव्हती. मला त्याचे फारसे नवल वाटत नाही. उंदराला सावकार नसतो. सोयाबीन शेतातच कुजले म्हणून रात्र रात्र जागणारा उंदीर कुठल्याही प्रयोगशाळेने पैदा केलेला नाही.

तरी या वाटेने माणसापर्यंत काहीच पोचले नाही असेही नव्हे. एंडॉर्फिन हे मेंदूतलेच पेप्टाइड. आणि ज्या मोठ्या प्रथिनाच्या तुकड्यांतून अल्फा-एमएसएच निघते, त्याच प्रथिनातून तेही निघते. एका आईची लेकरे, एक धास्तावणारे, दुसरे गोंजारणारे. एंडॉर्फिनचे ग्राही बुजवले की प्राण्यांचे दारू पिणे कमी होते, हे आधी प्रयोगशाळेत दिसले; आणि तेच काम करणाऱ्या नालट्रेक्झोनला दारूच्या व्यसनावरचे औषध म्हणून १९९४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. सगळ्यांना ते लागू पडत नाही. ते डॉक्टरच्या सल्ल्यावाचून घ्यायचेही नाही. पण ज्यांना लागू पडते त्यांच्या घरी चूल पेटते, ही लहान गोष्ट नव्हे. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राला सांगितले जात आहे. गावच्या पारावर अजून ते पोचायचे आहे.

पारावरच्या मंडळींना मी एवढेच विचारले, की चार दिवस भ्यालेला माणूस पाचव्या दिवशी पळाला तर तुम्ही त्याला भित्रा म्हणाल की बेइमान? कुणी उत्तर दिले नाही. एकाने तंबाखू पुढे केली.

दिवाळीनंतर अकराव्या दिवशी कार्तिकी येते. जिल्ह्यात पुष्कळजण त्या दिवशी माळ घालतील आणि दारू एकदम बंद करतील. त्यांतले काही वर्षानुवर्षे रोज पिणारे असतील. त्यांच्या घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्याला नसलेली माणसे दिसू लागतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटते, तो बरळतो, बायकोला ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले. आणि लिंबू-भाताचा उतारा चव्हाट्यावर जातो. यात माणूस दगावू शकतो. दवाखान्यात त्याच्यावर इलाज आहे : मेंदू शांत करणारे औषध आणि ब-१ जीवनसत्त्व, दोन्ही जुनी आणि फार महाग नसलेली. भगताला ज्यांना बोलवायचे त्यांनी खुशाल बोलवावे, पण रिक्षा आधी बोलवावी. खरे तर रोज पिणाऱ्याने सोडण्याआधीच डॉक्टरला भेटावे. तिथे लपवाछपवी न करता दोन गोष्टी सांगायच्या : रोज किती घेत होता, आणि शेवटची केव्हा घेतली.