फाट्यावर उरलेली रेल्वे

आजच्या धाग्याचा आरंभ नकाशापासून करू. मुंबई–सोलापूर लोहमार्गावर जेऊर, भाळवणी, केम, ढवळस आणि कुर्डुवाडी ही स्थानके ओळीने लागतात. केम हे कुंकवासाठी ख्यात असलेले गाव करमाळा तालुक्यात आहे. पण खुद्द करमाळा या मार्गावर नाही. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी नाही आणि लाखो वारकऱ्यांचे पंढरपूरही नाही. गावांना रेल्वे मिळाली, पेठांना मिळाली नाही. असे का झाले असावे?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला करमाळ्याशी किंवा बार्शीशी कर्तव्य नव्हते. तिला मुंबईहून निघून मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला भेटायचे होते. ती भेट १८७१ मध्ये रायचूरला झाली. वाटेतल्या मुलखातून शक्य तितकी सरळ आणि सपाट वाट तिने निवडली. १८५८ मध्ये रूळ पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आले, १८५९ मध्ये डिकसळहून बार्शी रोडपर्यंत, आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले. केमच्या शिवारातून आगगाडी धावू लागली ती १८५९च्या त्या टप्प्यात.

‘बार्शी रोड’ हे आजच्या कुर्डुवाडीचे जुने नाव. या ‘रोड’ शब्दाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. अक्कलकोट रोड, जिंती रोड अशी नावे वाचतो आणि पुढे जातो. त्या शब्दात एक कबुली आहे : गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथे आहे. उतरा आणि पुढची सोय तुमची तुम्ही पाहा! बार्शीचा कापूस एकवीस मैल बैलगाडीने येऊन या स्थानकावर चढे. पंढरीचा यात्रेकरू येथे उतरून पुढची वाट चालू लागे. आपल्या भागातले कितीतरी फाटे असे जन्माला आले. एक रस्ता पेठेकडून येतो, दुसरा स्थानकाकडे वळतो. जेथे ते भेटतात तेथे आधी जनावरांना पाणी पाजण्याची जागा होते, मग एखादे दुकान उभे राहते, पुढे एसटीचा थांबा येतो. फाटा रस्त्याने घडवला असे आपल्याला वाटते. अनेकदा तो न दिसणाऱ्या स्थानकाने घडवलेला असतो.

आता एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याकडे येऊ. हा गृहस्थ १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला. मोठ्या लोहमार्गाला जोडणाऱ्या लहान, स्वस्त मार्गांचे त्याला वेड होते. त्याच्या खटपटीतून बार्शी लाईट रेल्वे उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. रुळांमधले अंतर अडीच फूट, रूळ गजाला अवघ्या तीस पौंडांचे. एवढ्या हलक्या रुळांवरून भरपूर माल कसा न्यायचा, याचे त्याचे उत्तर साधे होते. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये; वजन अधिक असेल तर आस वाढवा. (याच माणसाने पुढे विमानातून उडी घेण्यासाठी हवाई छत्रीही घडवली. माणसाच्या डोक्यात किती दालने असावीत!)

१९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. रुंद रुळांना अरुंद वळणे मानवत नाहीत, म्हणून काही ठिकाणी मार्ग बदलला. धाराशिव शहर पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आले. लातूरचे जुने स्थानक शहरात राहिले आणि नवे बाहेर गेले. लातूरमध्ये आजही पत्त्यात ‘जुनी रेल्वे लाईन’ असे लिहितात. तेथे रूळ नाहीत. दुकाने आहेत, दवाखाने आहेत, वाहनांची गर्दी आहे. पण पोस्टमनला पत्ता सापडतो.

येथे माझे मत नोंदवतो. ‘बार्शी लाईट’विषयी हळहळ व्यक्त करणारे लेखन पुष्कळ आहे, धुराची आठवण, खिडकीतून दिसणारे शिवार, गाडीचा संथपणा. त्या आठवणींचे मोल मी नाकारत नाही. पण गाडी गेली म्हणजे इतिहास गेला, हे मला पटत नाही. गाडी हा त्या इतिहासाचा सर्वांत क्षणभंगुर भाग होता. टिकाऊ भाग जमिनीत आहे : भराव, दगडी मोऱ्या, सौम्य वळणे. गाडीवाट शेताच्या बांधाला मान देते, काटकोनात वळते, विहिरीला वळसा घालते. रेल्वेला ते जमत नाही. म्हणून एखादा ग्रामीण रस्ता विनाकारण लांबच लांब, एकसारख्या गोलाईने वळत असेल, चढावर दमत नसेल आणि ओढ्यावर रस्त्याच्या ऐपतीला न शोभणारी घडीव दगडांची मोरी असेल, तर तेथे थांबा. एखाद्या वृद्धाला विचारा. गडकोटांच्या वाऱ्या करणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी हे वाचनही शिकावे, असे मला वाटते.

आणि टिकते काय, याचा नियमही मला दिसतो. सोडून दिलेल्या लोहमार्गाचा जो तुकडा रस्त्याने उचलला, तो जगला. कॅलथ्रॉपचेच उदाहरण घ्या. बार्शीचा अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमधील स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३७ मध्ये तिच्या जागी पायवाट खुली झाली. तिच्या स्वेन्सली बोगद्यातून आज मोटारी जातात. बार्शीची ही धाकटी बहीण जेमतेम तीस वर्षे धावली. पण तिची वाट आज कोणीही चालून पाहू शकतो.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण केमपासून फार दूर नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेचे पाणी मागे सरकत गेले आणि १८५९चा मूळ लोहमार्ग त्याच्या वाटेत आला. रेल्वेने नवी वाट घेतली. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये केम आणि जेऊरच्या पंक्तीत पोमलवाडी हेही स्थानक आहे. आजच्या वेळापत्रकात ते नाही. केम टिकले कारण रूळ तेथून हलले नाहीत. पोमलवाडीचे स्थानक गेले. मात्र डिकसळजवळचा भीमेवरचा रेल्वे पूल उरला, कारण गाडी गेल्यावर त्यावरून रस्ता गेला. इंदापूर तालुक्यातील डिकसळ आणि करमाळा तालुक्यातील कोंढार चिंचोली यांना, म्हणजे पुणे आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांना, तो जोडत आला. आगगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून उसाच्या गाड्या, दुचाकी आणि शाळकरी मुले गेली.

हा पूल थकला आहे, अवजड वाहनांना तो झेपणारा नाही आणि तेथे नवा पूल हवा, यात वाद नाही. माणसाच्या जिवापेक्षा दगड मोठे नाहीत. माझा आग्रह एवढाच, की नवा झाल्यावर जुना पाडू नये. जेवढा सुरक्षित ठेवता येईल तेवढा पायी जाणाऱ्यांसाठी राखावा आणि त्यावर तीन ओळींचा फलक लावावा. पहिली ओळ रेल्वेची, दुसरी धरणाची आणि तिसरी त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांची. ही तिसरी ओळ विसरली तर फलक न लावलेला बरा. आपण लोहमार्गाच्या स्थलांतराविषयी कुतूहलाने बोलतो. त्याच पाण्याने गावेही उठवली. रुळांना नवी वाट मिळाली ती शासनाच्या खर्चाने आणि वेळेवर. माणसांना तशी मिळाली का, हा प्रश्न धरणग्रस्तांच्या कोणत्याही वस्तीत विचारून पाहावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : ग्रामपंचायतीकडे नळाला पैसे नाहीत, फलकाला कोठून येणार? आक्षेप रास्त आहे. पण नाव टिकवायला पैसे लागत नाहीत. ‘जुनी रेल्वे लाईन’, ‘स्टेशन रोड’, ‘गेट’ ही नावे बदलून चौकांना पुढाऱ्यांची नावे देण्याचा ठराव येतो, तेव्हा ग्रामसभेत एक हात वर करावा लागतो, एवढेच.

पोमलवाडीच्या जुन्या स्थानकाचे छायाचित्र मी अजून पाहिलेले नाही. करमाळा, इंदापूर, माढा भागातील कोणाच्या घरी जुन्या पेटीत एखादे तिकीट, मालाची पावती किंवा फलाटावर काढलेला कौटुंबिक फोटो असेल, तर येथे खाली जरूर जोडा. फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर ती बाजूही.