पाठीमागचें चित्र

आभासी वास्तवाची पेटी डोळ्यांवर चढविली म्हणजे चोहोंकडे देखावा उभा राहतो. पण दूरवरून येणारें चलच्चित्र तींत धुरकट कां दिसतें? (आम्हांस प्रथम आपल्या डोळ्यांचाच दोष वाटला!) फोर-के चित्राच्या ओळींतील ३८४० ठिपके ३६० अंशांत वांटले कीं अंशास जेमतेम ११ येतात, निकोप दृष्टीस सुमारें ६० हवेत. त्यांतही एका वेळीं शंभरेक अंशच दिसतात. उरलेलें चित्र पाठीमागें फुकट जातें. नजरेपुरताच भाग स्वच्छ पाठवावा, ही युक्ति निघाली आहे खरी. परंतु मान क्षणांत वळते, आणि नवा भाग येऊन पोहोंचेपर्यंत पुढें धुकेंच असतें. ही वाट जलद होईपर्यंत, केवळ अधिक ठिपक्यांच्या लोभानें चलच्चित्रांसाठीं महाग पेटी घेण्याची पालकांनीं घाई करूं नये, असें आमचें मत आहे.