फोन मोठ्यांच्या हाती, अभ्यास मुलांच्या हाती

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. २०२२च्या ऑगस्टपासून या गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचा टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि मुलं वह्या-पुस्तकं घेऊन बसणार. साडेआठला दुसरा भोंगा. तोवर फोनला हात लावायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा. करोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांकडे गेलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही त्यांच्या हातून सुटत नव्हता. त्या दुखण्यावर गावानं एकत्र बसून हे औषध शोधलं.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी नेमकी उलटी वाट धरली होती. त्यांनी मोबाइलच पाठ्यपुस्तकाशी जोडला. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापला, पालकाच्या फोनवर तो स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा, स्वाध्याय मिळायचा. पुढे राज्यातल्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड आले. २०१७च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झालं आणि पुस्तकांतले कोड त्याला जोडले गेले. डिसेंबर २०२०मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

एक गाव फोन बंद करतं, दुसऱ्या गावची शाळा तो पुस्तकात आणते. वरवर पाहता दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. पण दोन्हीकडे फोन कधी, कशासाठी आणि किती वेळ हे मोठ्या माणसांनी ठरवलं, मुलावर सोडलं नाही. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी संकेतस्थळं आणि समाजमाध्यमं वापरायची असतील तर हाच पाया धरावा लागेल. शिक्षकानं संकेतस्थळ धुंडाळावं, पालकानं व्हॉट्सॲप वापरावं, आणि मुलाच्या हाती मात्र कागद, काड्या, गोष्टीचं पान आणि एक चांगला प्रश्न यावा.

हा आग्रह धरण्याची निकड ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालांच्या आकड्यांत दिसते. ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचं प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२१मध्ये ते ६७.६ टक्क्यांवर गेलं. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. त्याच पाहणीत, घरात फोन असूनही चारातल्या एका मुलाला तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. २०२४च्या ‘असर’ने १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो शिकण्यासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्याच वर्षी सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं देशभरात २३.४ टक्के होती. म्हणजे साधनाचा तुटवडा झपाट्यानं भरून निघतो आहे आणि वाचन मात्र मागे रेंगाळलं आहे. घरात फोन आला की मूल आपोआप शिकेल, ही आशा या आकड्यांपुढे टिकत नाही.

पेरू देशानं हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेत तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत यंत्रं पोहोचली. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२मध्ये आले. मुलं संगणक सराईतपणे हाताळू लागली होती, पण गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला आढळला नाही.

मग उपयोग होतो तो कशाचा? मार्च २०२०मध्ये शाळांना टाळं लागलं आणि महाराष्ट्रात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे, शिक्षकांकडून पालकांच्या गटावर. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच पाठ रंगवले. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं भिंत वाचावी! त्या काळात असंख्य शिक्षकांनी जीव तोडून काम केलं. पण लिंक पुढे पाठवणं आणि शिकवणं यांतलं अंतरही तेव्हाच सगळ्यांना कळलं. गटावर पडलेली लिंक पालकानं उघडली का, मुलानं पाहिली का, पाहून त्याला काय उमगलं, हे गट सांगत नाही. दोन निळ्या खुणा दिसतात, तेवढंच.

याच काळात आफ्रिकेतल्या बोत्स्वानामध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. मुलं तिसरी ते पाचवीची. काही घरांना आठवड्यातून एकदा गणिताची उदाहरणं एसएमएसनं पाठवली. काही घरांना एसएमएस पाठवलाच, शिवाय शिक्षकानं पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला. पालकानं फोन स्पीकरवर ठेवायचा, शिक्षकानं मुलाशी बोलायचं, एक उदाहरण सोबत सोडवायचं. नुसत्या संदेशाचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. संदेशासोबत माणसाचा आवाज आला तिथे मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. पुढे हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्ये झाला, तिथेही फोनवरच्या शिकवणीचा लाभ दिसला. यासाठी ना स्मार्टफोन लागला, ना इंटरनेट. साध्या बटणांच्या फोनवर आठवड्यातली वीस मिनिटं पुरली.

संकेतस्थळांचं मोल यानं कमी होत नाही. ती कुणी आणि कशी वापरायची ते मात्र ठरतं. मराठी शिक्षकाच्या हाताशी आज जो खजिना आहे, तो वीस वर्षांपूर्वीच्या शिक्षकाला स्वप्नातही दिसला नसता. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीनं महाजालावर खुले केले आहेत. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी केलेलं काम त्यात आहे. ‘प्रथम बुक्स’नं २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं आहेत, वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेली. ती उतरवून घ्यायला, छापायला, आपल्या बोलीत अनुवादायला मुभा आहे. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या शिक्षकासाठी ही मुभा फार मोलाची आहे. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला गोष्ट आधी त्याच्या घरच्या भाषेत सांगता येते, आणि मग तेच चित्र दाखवत मराठीत.

आणि अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत अनेक वर्षं मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करणाऱ्या या माणसानं टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी कशी करायची ते तिथे फुकट ठेवलं आहे, सोबत मराठीतलीही पुस्तकं आहेत. त्यातला एक खेळ काडेपेटीच्या काड्यांचा आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधल्या रबरी नळीचा. नळीचे बारीक तुकडे करून त्यांत काड्या खोचायच्या. चार काड्यांचा चौकोन केला की तो बोटाच्या धक्क्यानं कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. विजेचे मनोरे आणि रेल्वेचे पूल त्रिकोणांनी का विणलेले असतात, हे तिसरीतल्या मुलीच्या बोटांना कळतं. त्यासाठी शिक्षिकेनं आदल्या रात्री पाच मिनिटांचा व्हिडिओ पाहिला असला की झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात पडदा लागत नाही, वीज गेली तरी पाठ थांबत नाही. संकेतस्थळाचा याहून चांगला वापर शोधून सापडणार नाही.

क्यूआर कोडचं खरं सामर्थ्यही इथेच आहे. शोधाच्या चौकटीत मुलानं शब्द टाकला की हजार दारं उघडतात आणि त्यातली निम्मी नको तिथे नेतात. कोड एकाच दारापाशी नेतो, आणि ते दार शिक्षकानं आधी उघडून पाहिलेलं असतं. मात्र त्या दारामागचा व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होत असेल तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून यूट्यूबची लिंक पाठवण्यापेक्षा व्हिडिओ उतरवून दाखवण्याची सोय असलेलं व्यासपीठ वापरणं शहाणपणाचं.

समाजमाध्यमांची गोष्ट याहून नाजूक आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांचे स्वतःचेच नियम खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण हवीत असं सांगतात. चौथीतलं मूल नऊ-दहा वर्षांचं असतं. ऑस्ट्रेलियानं तर कायदा करून डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी घातली. तेव्हा प्राथमिक शाळेच्या संदर्भात समाजमाध्यम म्हणजे पालकांचा गट, एवढाच अर्थ घ्यायला हवा. तो गट जिवंत कसा करायचा, हा खरा प्रश्न आहे.

आज बहुतेक गटांवर काय असतं? शुभ सकाळ, सुट्टीची सूचना, सणाच्या शुभेच्छा, कार्यक्रमाचे चाळीस फोटो. त्याऐवजी संध्याकाळी एकच काम यावं, तेही शिक्षिकेच्या आवाजात, कारण वाचता न येणाऱ्या आजीलाही ते ऐकता येतं. ‘घरातल्या डब्यांत कोणकोणती कडधान्यं आहेत ती बघा आणि प्रत्येकाची दहा-दहा दाण्यांची रास करा.’ ‘आजीला तिच्या लहानपणचा एक खेळ विचारा, उद्या वर्गात सांगा.’ एवढ्यात मोजणी येते, संवाद येतो, भाषा येते. आणि मूल फोनकडे नाही, आजीकडे बघतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर हा धागा फार मोठा आधार ठरेल. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर वर्षी हंगामात लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली नाही तर मुलंही त्यांच्यासोबत फडावर जातात आणि शाळा मागे राहते. फोन मात्र सोबत जातो. आठवड्यातून एकदा त्या फोनवर आपल्या गुरुजींचा आवाज आला, दोन उदाहरणं झाली, एक गोष्ट वाचून झाली, तर परतल्यावर ते मूल वर्गात परकं ठरणार नाही.

दोन धोक्यांबाबत शाळांनी आणि प्रशासनानं कठोर व्हायला हवं. पहिला धोका मुलांच्या छायाचित्रांचा. उपक्रम झाला की मुलांचे चेहरे, गणवेश आणि शाळेचं नाव दिसेल असे फोटो फेसबुकवर टाकण्याची पद्धत सरसकट रुळली आहे. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पालकाला न विचारता त्याच्या लेकराचा चेहरा जगापुढे ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. मुलाचं चित्र, हस्ताक्षर, केलेली वस्तू दाखवावी. चेहरा दाखवू नये.

दुसरा धोका शिक्षकाच्या वेळेचा. २०१६मध्ये शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती सरकारी प्रणालीवर चढवावी असा आदेश निघाला होता आणि त्याला शिक्षकांनी कडाडून विरोध केला होता. २०२३मध्ये राज्यातले शिक्षक ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत रस्त्यावर आले, तेव्हा रोजची ऑनलाइन माहिती आणि लिंका भरण्याचं ओझं ही त्यांची मोठी तक्रार होती. ज्या फोननं मुलांपर्यंत पोहोचायचं, तोच दिवसभर वरिष्ठांना अहवाल पाठवण्यात गुंतला तर संध्याकाळी मुलाच्या आईला फोन करायला शिक्षकाकडे त्राण कुठून उरणार? शिक्षण विभागानं अहवालांच्या लिंका निम्म्यावर आणाव्यात आणि वाचवलेला वेळ पालकांशी बोलण्यासाठी कामाचा वेळ म्हणून मोजावा. प्रत्येक केंद्रातल्या तंत्रस्नेही शिक्षकांनी मिळून आपल्या भागाला उपयोगी पडतील अशा मोजक्या संकेतस्थळांची आणि गोष्टींची इयत्तावार यादी करावी. ज्या घरी फोन नाही तिथे तीच गोष्ट छापून जावी. चित्रपुस्तकाची आठ पानं छापायला ग्रामपंचायतीला फार खर्च येत नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकांची पहिली सभा होईल. त्या सभेत पालकांनी दोनच गोष्टी मागाव्यात. आठवड्यातून एकदा गुरुजींनी किंवा बाईंनी घरी फोन करून मुलाशी पंधरा मिनिटं बोलावं, आणि गटावर रोज एकच, हातांनी करायचं काम यावं. बदल्यात शाळेनं पालकांकडून वडगावचा दीड तास मागून घ्यावा. सात ते साडेआठ, घरात सगळ्यांचे फोन बाजूला.