एसीत पास, मे महिन्यात नापास

परवा लातूरहून भाचीचा फोन. "मामा, लॅपटॉप लै हळू चाललालाय. टेस्ट अर्धीच राहिली." जेईईची ऑनलाइन सराव परीक्षा चालू होती. मध्येच लाईट गेली, दहा मिनिटांनी आली, पण लॅपटॉप काही पुन्हा वेगात आला नाही. घड्याळ मात्र आपल्या गतीनं पळत होतं. त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणारा हाच मामा, आणि पोटापाण्यासाठी ड्रायव्हर टेस्ट करणाराही हाच मामा. आता बोला!

रात्री बसून बघितलं. लाईट गेल्यावर फर्मवेअरनं प्रोसेसरच्या कमाल वेगावर मर्यादा घातली होती. बॅटरी वाचवायला असं करतात, त्यात वावगं काही नाही. लाईट आल्यावर ती मर्यादा उठायला हवी होती. ती उठलीच नाही. रिस्टार्ट केलं की सगळं आलबेल. दोष फर्मवेअरचा की ड्रायव्हरचा, यावर आपण चहाचे चार कप संपवू शकतो. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे: हे आमच्या टेस्टिंगमध्ये कधी सापडलं असतं का? खरं उत्तर - नाही.

थोडक्यात सांगतो. लिनक्स कर्नलमध्ये सीपीयूफ्रीक नावाची यंत्रणा आहे. किती वेग हवा हे गव्हर्नर ठरवतो (2004 मध्ये ऑनडिमांड आला, 2016 मध्ये शेडयुटिल), आणि तो वेग प्रोसेसरकडून मिळवायचं काम ड्रायव्हरचं. कर्नलच्या सोर्सबरोबर यासाठी तयार सेल्फटेस्टही मिळते. ती सिस्टिमच्या फायली वाचते-लिहिते, गव्हर्नर बदलून बघते, सीपीयू बंद-चालू करते, मशीन झोपवून उठवते. चांगली आहे, चालवलीच पाहिजे. पण आपण काय करतो? ती चालवतो, हिरवा रिझल्ट बघतो आणि सही करून मोकळे होतो. 24 डिग्रीच्या खोलीत, यूपीएसवर, जिथे प्लग कधी निघतच नाही.

अहो, आमच्या नांदेडला मे महिन्यात पारा 42 च्या पुढे असतो! कूलरमध्ये पाणी असलं तर नशीब. वळवाच्या पावसाआधी वारं सुटलं की लाईट गेलीच म्हणून समजा. भारनियमनाच्या वर्षांत मी तिथेच प्रोग्रामिंग शिकलो, त्यामुळे एसीतल्या रिझल्टवर माझा विश्वास अंमळ कमीच. आणि तरीही सह्या केल्याच ना मी!

यावर ऑफिसातलं ठरलेलं उत्तर: "तापमान हा ड्रायव्हरचा प्रश्नच नाही, प्रोसेसर स्वतःला वाचवतो." अर्धं खरं आहे. प्रोसेसरचा शेवटचा बचाव हार्डवेअरमध्ये असतो. पण बऱ्याच मशीनवर त्याच्या आधी कर्नलच जागा होतो, आणि सीपीयूफ्रीकमार्फतच वेग खाली आणतो. म्हणजे तो रस्ता ड्रायव्हरमधूनच जातो. 24 डिग्रीला त्या कोडवरून कुणी चालतच नाही. न चाललेल्या कोडला 'पास' कसं म्हणता?

दुसरं उत्तर: "परफॉर्मन्स गव्हर्नर लावा आणि विसरा." तो गव्हर्नर जास्तीत जास्त वेग मागतो, पण मर्यादेच्या आतच. मर्यादाच अडकली तर तो तरी काय करणार? वर वेगाबरोबर व्होल्टेजही चढतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. बॅटरीवर चाललेल्या घरात हा सल्ला देणाऱ्यानं एकदा उन्हाळ्यात लातूरला मुक्काम करावा.

आणि मोजतो तरी कसं? 'आत्ताची फ्रिक्वेन्सी' सांगणारी फाईल वाचून. बहुतेक ड्रायव्हरमध्ये ती फाईल शेवटचा मागितलेला वेग सांगते, मिळालेला नव्हे. पोरानं स्वतःच पेपर तपासून स्वतःच मार्क द्यावेत, तसला प्रकार! नावांचा घोळ आणखी वेगळा. जुन्या सर्वसाधारण 'पॉवरसेव्ह'मध्ये वेग तळाला चिकटवलेला असतो. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरच्या ॲक्टिव्ह मोडमधला 'पॉवरसेव्ह' मात्र कामाप्रमाणे वेग वर-खाली करतो. नाव एक, वागणं दोन. नुसतं नाव बघून टिक मारली की संपलं.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत. भर कामात प्लग पन्नास वेळा काढा आणि लावा. एसी बंद करून मशीन तापू द्या, मग थंड झाल्यावर वेग परत येतो का ते बघा. आणि फाईलवर विश्वास न ठेवता टर्बोस्टॅटनं प्रोसेसरचे काउंटर वाचा, शिवाय तेच काम पुन्हा करायला किती सेकंद लागले तेही मोजा.

"कम्युनिटी टेस्ट करतेच की!" कोणती कम्युनिटी? जिथे लाईट जात नाही तिथली? मग आपल्याकडचा बग कोण सांगणार? विष्णुपुरीला एसजीजीएस 1981 पासून इंजिनिअर घडवतंय. तिथल्या एखाद्या होस्टेलच्या खोलीत मे महिन्यात जे टेस्टिंग होईल, ते आमच्या लाखो रुपयांच्या लॅबमध्ये होणार नाही. आणि त्याला खर्च किती? एक जुना लॅपटॉप आणि कर्नलचं व्हर्जन लिहून पाठवलेला नीट रिपोर्ट.

भाचीची ती टेस्ट गेली ती गेलीच. सराव परीक्षा होती म्हणून निभावलं. सोमवारी ऑफिसात 'प्लग काढणे' ही टेस्ट यादीत घालतोय. ती होईपर्यंत माझी सही मिळणार नाही.