पत्र्याला घाम फुटतो तेव्हा

इगतपुरी-त्र्यंबककडच्या भगिनींनो, पत्र्याच्या भोकांना डांबर लावून थकलात तरी श्रावणात पहाटे थेंब पडतातच ना? ते दरवेळी पावसाचे नसतात. चुलीवरच्या पातेल्याची, घरात वाळत घातलेल्या धडुत्यांची, आपल्या श्वासाची वाफ रात्री गार पत्र्याला लागते नि तिचं पाणी होतं. म्हणून गारठ्याच्या भीतीनं खिडक्या ठार बंद करू नका. समोरासमोरच्या दोन किलकिल्या ठेवा. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. भिंतीवरचे काळे डाग कोरडे झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. उन्हं पडून भिंत सुकली की चुना द्या.

आणि भुईमुगाच्या दाण्यांना हिरवट बुरशी आली असेल तर? धुऊन, भाजून तिचं विष पुरतं जात नाही. गाईलाही घालू नका, ते दुधात उतरतं. जीव तुटला तरी दाणे खड्ड्यात पुरा.