आमची सून ब्राझीलची!

यांचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. यंदा दिवाळीला तो सांगलीला आमच्याकडे आला होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "मामी, माझा एक शेजारी मेक्सिकोचा, दुसरा ब्राझीलचा आणि ऑफिसात एक स्पेनचा. यांतला हिस्पॅनिक कोण नि लॅटिनो कोण, हे कळायला मला दोन वर्षं लागली!"

मग त्याने फोड करून सांगितली. 'हिस्पॅनिक' ही ओळख स्पॅनिश भाषेवरून, तर 'लॅटिनो' ही लॅटिन अमेरिकेच्या मुलखावरून. मेक्सिकोचा माणूस सहसा दोन्ही. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. म्हणून तिथला माणूस लॅटिनो खरा, पण हिस्पॅनिक नव्हे. स्पेनचा हिस्पॅनिक, पण लॅटिनो नव्हे. अमेरिकेच्या १९८० च्या जनगणनेत 'हिस्पॅनिक' शब्द सर्वांच्या अर्जावर आला, २००० साली शेजारी 'लॅटिनो' येऊन बसला. पुष्कळांना मात्र या दोहोंपेक्षा आपल्या देशाचे नावच जवळचे वाटते.

इतक्यात सूनबाई करंज्यांचे ताट घेऊन आली नि म्हणाली, "मग मी ब्राझीलची!"

तिचे माहेर जत तालुक्याच्या पूर्व भागात. घरची भाषा कानडी. म्हणजे ती पक्की महाराष्ट्रीय, पण मातृभाषा मराठी नव्हे. उलट माझी निपाणीची मावसबहीण घरीदारी मराठी बोलते, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. ती आमची स्पेनची!

सारे हसले. मला मात्र सुनेची पहिली दिवाळी आठवली. शेजारणीला मी म्हणाले होते, "मुलगी गुणी आहे हो, पण आपल्यातली नाही. कानडी आहे." सून आत ऐकत होती. बोलली काही नाही. पण तेव्हापासून आईचा फोन आला, की ती उठून मागल्या अंगणात जाई आणि हलक्या आवाजात बोले. दोन वाक्यांत मी तिची भाषा घराबाहेर काढली होती.

आणि 'आपल्यातले' म्हणजे तरी कोण? गावात 'मराठा' म्हटले की जात समजतात. पण टिळक, आगरकर प्रभृतींनी १८८१ साली इंग्रजी साप्ताहिकाला 'मराठा' नाव दिले, ते काही एका जातीपुरते नव्हते. मिरजेवरून 'मद्रास अँड सदर्न मराठा' रेल्वे धावे, तिच्या नावातला 'मराठा'ही मुलखाचाच. माझे माहेर सातारा. १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव होते 'दक्षिण सातारा'. म्हणजे माझे सासर कागदोपत्री अकरा वर्षे माझ्या माहेराचेच शेपूट होते!

सरकारी कागदाला नावे लागतात. जनगणना करायची, जिल्हे पाडायचे, तर त्यावाचून कसे चालेल? पण कागदावरचे नाव माणसाला चिकटवण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" एवढे साधे सौजन्य मला त्या दिवाळीत सुचले नाही.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. सून सवयीने उठली. मी म्हटले, "बस ग इथंच. आणि दिवाळीच्या शुभेच्छा कानडीत कशा द्यायच्या, ते मला आधी सांग."

माझे कानडी ऐकून पलीकडे विहीणबाई पोट धरून हसल्या. सूनही हसली, बैठकीच्या खोलीत, मोठ्याने.