जुने घर पाडताना



गळीत हंगाम आटोपला की गावोगाव माळवदाची जुनी घरे पाडून स्लॅबची घरे बांधायची लगबग सुरू होते. लेकराबाळांना पक्के छप्पर मिळावे, यात दुमत नाही. पण पाडलेल्या घराचे करायचे काय? सागवानी तुळया मिळेल त्या भावाने जातात, अन् दगड, विटा, माती एकाच ट्रॉलीत भरून ओढ्याकाठी ओततात. आम्ही याला उधळपट्टी म्हणतो.

हिशोब करून पाहा. हजार नव्या विटांना सुमारे ३ टन माती लागते. ती बहुधा शेताच्या वरच्या थराची, म्हणजे ज्यावर आपला ऊस पोसतो तीच. भट्टीत गेलेली माती परत शेतात येत नाही. सिमेंट चुनखडी भाजून होते. एका टनामागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन वायू हवेत जातो. वाळू तर नदीच्या पोटातली. जुनी वीट वाचली, तेवढे हे सारे वाचले.

२०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. तो पूर मलब्याने आला असे आम्ही म्हणत नाही. पाऊसच तसा झाला. पण ओढ्यात ट्रॉल्या ओतून पाण्याची वाट आपणच अरुंद केली, तर उद्या दोष कोणाला द्यायचा?

कोणी म्हणेल, जुना दगड नको, किल्लारी विसरलात काय? ३० सप्टेंबर १९९३ ला तिथे माणसे दबली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अन् माळवदाचा बोजा अंगावर कोसळून. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. आपल्या जिल्ह्यातही १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसलाच. म्हणून जुना दगड पायात अन् जोत्यात, तोही सिमेंटच्या मालात घाला. खणखणीत वाजेल तीच वीट भिंतीला, पोचट वीट भरावाला. तुळईला वाळवी नसेल तर तिच्या चौकटी होतील. भिंतीची माती शेतात टाकायची आपल्या वाडवडलांची रीतच होती.

आमचे सांगणे एवढेच : जेसीबी लावण्याआधी मिस्त्रीला चार दिवस द्या अन् माल वेगवेगळा काढा. उरलेले तुकडे शेतरस्त्याच्या खड्ड्यात टाका. त्याच रस्त्याने पुढच्या हंगामात आपला ऊस कारखान्याला यायचा आहे.